घाटमाथ्यावर सायकलीने : पाच दिवस, चार मुक्काम

सायकल हे आपल्याकडे दीर्घकाळ गरजेचे वाहन मानले गेले आहे. पोस्टमन, दूधवाला, पाववाला, शाळामास्तर आणि गिरणीकामगार यांचा संसार तिने ओढला. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून काही वर्षे आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली वाटल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतील कित्येक मुलींची शाळा केवळ त्या दोन चाकांमुळे सुटली नाही. पुढे घरात मोटारसायकल आली आणि सायकल पडवीच्या कोपऱ्यात गेली. तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. अशा वेळी कोणी म्हणाले, की सायकलीवरून डोंगर ओलांडावे, रोज रानातील एका विसाव्यापाशी मुक्काम करावा आणि पाच दिवसांनी घरी यावे, तर ऐकणाऱ्याला ते श्रीमंतांचे खूळ वाटणे स्वाभाविक आहे. हे खूळ नाही, आणि श्रीमंतांचे तर मुळीच नाही, हे दाखविण्यासाठी आजचा लेख लिहीत आहोत.

डोंगरी सायकलीचा जन्म

ज्या सायकलीला आज 'माउंटन बाइक' म्हणतात तिचा इतिहास फार जुना नाही आणि तो मोठा मौजेचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७०च्या दशकात तेथील काही तरुणांनी भंगारातून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरांच्या, वजनदार सायकली उचलल्या आणि त्या डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडण्याचा खेळ मांडला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतारावर तो इतका तापे, की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत असे पुन्हा भरण्याला 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी चौकट घडविली. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा उद्योग आरंभिला. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ दाखलही झाला. भंगारातून निघालेली वस्तू वीस वर्षांत जगाच्या रंगमंचावर पोहोचली, ती अशी.

या सायकलीत विशेष काय, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट, जाड आणि खडबडीत टायर. त्यांत हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे ते दगडमातीला धरून राहतात. दुसरी, पुढच्या काट्यात दाबली जाणारी स्प्रिंग, तिच्यामुळे हातांना हिसके कमी बसतात. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गिअर. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला पुढे समजा ४४ दात्यांची चकती आणि मागे १८ दात्यांची असेल, तर पायडलची एक फेरी झाली की चाक सुमारे अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे ठीक, पण घाटात गुडघे बोलू लागतात. डोंगरी सायकलीत पुढे २२ आणि मागे ३४ दाते घेता येतात, म्हणजे एका फेरीला चाक पाऊण फेरीही फिरत नाही. गती मुंगीची होते, पण चढ चढतो. ज्याने ही युक्ती ओळखली त्याला घाटाची भीती उरत नाही. त्याला केवळ वेळ लागतो.

विसावे : आल्प्सपासून आपल्या डाकबंगल्यांपर्यंत

डोंगरात वाटसरूसाठी छप्पर बांधून ठेवण्याची रीत फार प्राचीन आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर २,४६९ मीटर उंचीच्या खिंडीत मेंथॉनचे संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकाच्या मध्यास एक आश्रयगृह उभारले. हिमवर्षावात वाट चुकलेल्याला तेथे जात, धर्म न विचारता ऊब आणि अन्न मिळे, आणि आजही त्या घराचे दार उघडे आहे. तारुण्यात स्वतः गिर्यारोहण केलेले पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली याच संताला गिर्यारोहकांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केले. सायकलस्वारांनाही आपले स्थान आहे. इटलीत कोमो सरोवरावरील टेकडीवर गिझाल्लो येथे पवित्र मरियेचे छोटे मंदिर आहे, आणि १९४९ साली पोप बारावे पायस यांनी गिझाल्लोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री ठरविले.

पुढे गिर्यारोहकांच्या संस्था निघाल्या. १८६३ साली स्विस आल्पाइन क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने पहिली झोपडी बांधली. आज त्या संस्थेच्या दीडशेहून अधिक झोपड्या आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतील टेल्यूराइडपासून यूटा प्रांतातील मोआबपर्यंत सायकलस्वार रोज एका झोपडीपासून दुसऱ्या झोपडीपर्यंत जातात. झोपडीत शिधा भरून ठेवलेला असतो, येणाऱ्याने शिजवावे, जेवावे, भांडी घासून ठेवावी आणि पुढे जावे.

या सर्वांत आमच्या मनाला भिडली ती न्यूझीलंडची हकीकत. तेथे १९ नोव्हेंबर २०१० रोजी पाइक रिव्हर नावाच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २९ माणसे दगावली. त्यांच्या कुटुंबीयांनी केवळ दगडी स्मारक न मागता त्या पर्वतातून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी एक वाट मागितली. पापरोआ नावाची ती सुमारे ५५ किलोमीटरची वाट २०२० साली खुली झाली. तिच्यावर मुक्कामाच्या झोपड्या आहेत. मृतांच्या नावाने जिवंतांनी डोंगरात फिरावे, वारा अंगावर घ्यावा, हे स्मारक आम्हांला फार समंजस वाटते.

आपल्याकडे हे काही नव्हते असे नाही. देवळाच्या ओवऱ्या, गावच्या धर्मशाळा, इंग्रजी अमदानीतील डाकबंगले आणि जंगलखात्याची विश्रामगृहे ही आपली विसाव्याची घरेच होत. आणि सायकलीने दूर जाण्याची परंपरा म्हणाल तर तीही आपल्या प्रांतात आहे. १९२३च्या ऑक्टोबरात मुंबईतील पारशी तरुणांची एक तुकडी सायकलीवर जगप्रवासाला निघाली. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. त्यांच्यापुढे आमचा पाच दिवसांचा प्रवास म्हणजे अंगणातील फेरफटका होय. परंतु अंगण तरी आपण कुठे पाहिलेले असते?

आमची मंडळी आणि तयारी

आम्ही पाचजण होतो. एक शाळामास्तर, त्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात. एक पन्नाशी ओलांडलेले सुतार, त्यांना सर्व अनगोळ मेस्त्री म्हणून ओळखते. उद्यमबागेतील यंत्रशाळेत लेथवर काम करणारा एक तरुण, त्याचा कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ, आणि पाचवे आम्ही. मेस्त्री आपण होऊन आले नव्हते. आदल्या वर्षी त्यांची पत्नी निवर्तली होती, आणि तेव्हापासून त्यांनी कारखान्याला कुलूप घातले होते आणि बोलणे जवळजवळ टाकले होते. त्यांच्या मुलीने आम्हांला येऊन सांगितले, "फादर, पप्पांना घेऊन जा. घरात बसून ते झिजतायत." मेस्त्री आले ते मुलीचा शब्द मोडवेना म्हणून.

पाचांपैकी दोन सायकली खऱ्या डोंगरी, दोन साध्या गिअरच्या आणि मेस्त्रींची जुनी काळी सायकल, तिला तरुणांनी मागे मोठी चकती बसवून दिली. ओझे माणशी सहा किलोंहून अधिक नको, असा गुरुजींचा दंडक होता : एक चादर, एक स्वेटर, दोन जोड कपडे, दोन बाटल्या पाणी, पंक्चरचे सामान, हवेचा पंप, एक जास्तीची ट्यूब, ब्रेकच्या तारा, साखळी जोडण्याचे हत्यार, मलमपट्टी आणि डोक्याला शिरस्त्राण. खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, चटणी-भाकरी आणि बेळगावचा कुंदा. विश्रामगृहांची परवानगी आधीच काढली होती. हे सांगणे अगत्याचे आहे, कारण जंगलखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून रात्र काढणे हा गुन्हा आहे.

निघताना एकच नियम केला : सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी जायचे.

पहिला दिवस : नदीच्या उगमाकडे

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. अनगोळच्या शिवारात भात कापून झाले होते आणि त्या काळ्या रानात मसूर उभा होता. पिरनवाडीवरून आम्ही जांबोटीची वाट धरली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि कणकुंबी त्याहून थोडेच उंच, म्हणून नकाशावर हा रस्ता सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो सतत खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. कुसमळीस मलप्रभा ओलांडली, तेव्हा ती एवढीशी दिसली, की धाकटा म्हणाला, "ही नदी की ओढा?"

त्याचे उत्तर संध्याकाळी कणकुंबीस मिळाले. मलप्रभा उगम पावते ती इथेच, सुमारे ७९२ मीटर उंचीवर. येथून ती पूर्वेला वळते, खानापूरवरून जाते आणि ३०४ किलोमीटरचा प्रवास करून कुडलसंगमास कृष्णेला मिळते. म्हणजे अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते, ती मात्र पश्चिमेला उडी घेते आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब, एक इकडे आणि एक तिकडे.

या दोन थेंबांवरून तीन राज्यांत केवढा तंटा झाला, हे वाचकांस ठाऊक आहे. म्हादईचे पाणी कळसा आणि भंडुरा या ओढ्यांतून मलप्रभेकडे वळवावे की नाही, यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. त्यानंतरही वाद शमलेला नाही. कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणतो, की वर्तमानपत्रात ज्या ओढ्याचे नाव वाचतो तो ओढा पायांनी जाऊन पाहिला, तर बोलताना माणूस जरा जपून बोलतो.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात रात्री कडाक्याची थंडी होती. पिठले आणि भात शिजविला. मेस्त्री जेवले, चादर ओढून भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसरा दिवस : चोर्ल्याचा उतार

चोर्ल्यापाशी कर्नाटकाची हद्द संपते आणि पठाराची कड येते. तेथून रस्ता थेट गोव्यात उतरतो. पहाटे दरीत धुके साचून राहते आणि वर उभ्या माणसाला आपण पांढऱ्या समुद्राच्या काठी आहोत असे वाटते. सायकलस्वाराला चढ थकवितो, पण धोका उतारात असतो. ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो आणि पकड सोडतो. यास्तव वळणाआधी गती कमी करावी, पुढचा आणि मागचा ब्रेक आळीपाळीने, थोडा थोडा लावावा, आणि दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून चाके निवू द्यावीत. तरुणांना हे पटविणे सोपे नव्हते. एका वळणावर समोरून मालट्रक आला आणि धाकट्याची सायकल रस्त्याच्या कडेच्या खडीत घसरली. कठड्याच्या अलीकडे तो सावरला, कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. मेस्त्रींनी आपल्या पाण्याने त्याची जखम धुतली आणि त्या दिवसातले पहिले वाक्य उच्चारले : "बाळा, खाली जायची घाई कसली? खाली तर दगडपण जातो." त्यानंतर त्या मुलाला ब्रेकविषयी सांगावे लागले नाही.

घाटाच्या पायथ्याशी केरी, अंजुणे धरणाचे निळे पाणी, आणि मग सत्तरीच्या काजूबागा व कुळागरे. हवा दमट झाली, स्वेटर बांधून टाकले. वाळपईस एका चर्चच्या आवारातील खोलीत निजण्याची सोय झाली होती. पहाटे रस्त्यावर भोंगा वाजला. गोव्याचा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलीवर मोठी टोपली घेऊन दारोदार फिरत होता. आमच्या पाच सायकलींकडे पाहून त्याने विचारले, कुठून आलात? बेळगावाहून घाट उतरून, असे सांगताच तो हसला आणि म्हणाला, मी तर रोजच फिरतो. सायकलीविषयीचा आमचा सर्व अभिमान त्या एका वाक्याने जागेवर आला. त्याच्याकडचे गरम उंडे घेऊन आम्ही निघालो.

तिसरा दिवस : दगडाचे देऊळ आणि एक वाद

गावरस्त्यांनी आम्ही तांबडी सुर्ल्यास पोहोचलो. रानाच्या कुशीत, ओढ्याच्या काठी, कदंबांच्या काळातील महादेवाचे मंदिर आहे. ते बाराव्या-तेराव्या शतकातील मानतात. ते काळ्या बेसॉल्ट दगडाचे आहे आणि हा दगड घाटावरून आणला असावा असे म्हणतात. ज्या घाटातून आपण रिकाम्या हाती उतरताना धापा टाकतो, तेथून दगड आणणारे हात कसले असतील, या विचाराने मेस्त्री बराच वेळ त्या खांबांवरील कोरीव कामावर बोटे फिरवीत उभे राहिले. कारागिराला कारागिराची ओळख पटते, मग मध्ये आठशे वर्षे गेली तरी चालते.

मोले येथे, भगवान महावीर अभयारण्याच्या दाराशी, रात्रीचा मुक्काम होता. हे अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे. येथे आमच्यात वाद झाला. दोघा भावांच्या मनात होते, की उद्या अनमोडच्या डांबरी घाटाने जाण्याऐवजी रानातून दूधसागरकडे जावे आणि रेल्वेमार्गाच्या कडेने सायकली उचलून कॅसलरॉकला चढावे. "खरी डोंगरी वाट ती, फादर. डांबरावरून जायचे तर ही सायकल कशाला आणली?" थोरल्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु त्या रेल्वेमार्गावरून चालण्यास मनाई आहे, तेथे बोगदे आहेत, आणि बोगद्यात गाडी आली तर सायकलवाल्याला जाण्यास जागा नसते. शिवाय अभयारण्यातील वाटांवर वनखात्याच्या परवानगीवाचून शिरता येत नाही. गुरुजींनी हे शांतपणे सांगितले. थोरला रागावला, जेवणावरून उठला आणि बाहेर जाऊन बसला. चार मित्रांचा प्रवास बहुधा अशाच रात्री मोडतो.

मेस्त्री उठून त्याच्याजवळ गेले. काय बोलले ते आम्हांस ऐकू आले नाही. अर्ध्या तासाने दोघे आत आले आणि थोरला म्हणाला, "अनमोडनेच जाऊ. मेस्त्रींची सायकल मी चढवतो." यापुढे कोणी तो विषय काढला नाही.

चौथा दिवस : अनमोड आणि हेम्माडगा

अनमोडचा घाट हा आमच्या प्रवासाचा कणा होता. मोले जवळजवळ समुद्रसपाटीला आणि अनमोड घाटमाथ्यावर, शिवाय रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ. पहाटे साडेपाचला निघालो, म्हणजे उन्हाच्या आणि ट्रकांच्या आधी बराच चढ मागे पडतो. लहान गिअर, लहान घोट, आणि दर वीस मिनिटांनी विसावा, हे सूत्र. मध्यावर मेस्त्रींचा दम संपला. ते उतरून सायकल हातात धरून चालू लागले. तेव्हा ठरलेल्या नियमाप्रमाणे सर्वजण उतरलो आणि चालू लागलो. चालल्याने काही बिघडले नाही. उलट सायकलीवर असताना जे दिसले नव्हते ते दिसू लागले : उंच झाडावरील शेकरू, दरीपलीकडून पंखांचा मोठा फडफडाट करीत गेलेला धनेश.

अनमोडहून खानापूरकडे हेम्माडगा मार्गे जाणारा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो. २०११ च्या डिसेंबरात घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे. येथे वाघ, बिबटे, अस्वले आणि गव्यांचे कळप आहेत, म्हणून दिवस मावळण्याच्या आत मुक्कामी पोहोचणे हा येथला अलिखित कायदा होय. याच रानाच्या सीमेवर बारापेडे नावाच्या गुहांत एक दुर्मिळ वटवाघूळ राहते. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि पुढे कित्येक दशके साऱ्या जगात ते फक्त येथेच आहे असे मानले जात होते. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. घराच्या परसात एवढे धन असून आपण ते जाणत नव्हतो, हे ऐकून धाकटा चकित झाला.

हेम्माडग्याच्या अलीकडे थोरल्याच्या सायकलीचे कॅरिअर मोडले. बोल्ट तुटला होता आणि पठ्ठ्याने आणलेल्या हत्यारांत त्या मापाचा दुसरा बोल्ट नव्हता. लेथवर हजारो बोल्ट काढणारा मुलगा रानात एका बोल्टासाठी अडला. मेस्त्रींनी कोयतीने बांबूचा तुकडा तासला, पाचर करून ठोकली आणि जुन्या ट्यूबची पट्टी ओढून आवळली. दहा मिनिटांत ओझे पुन्हा चढले, आणि ते कॅरिअर अनगोळपर्यंत जराही हलले नाही.

त्या रात्री जंगलखात्याच्या तळावर शेकोटीजवळ मेस्त्री बोलू लागले. पत्नीच्या आजारपणाविषयी, दवाखान्याच्या फेऱ्यांविषयी, आणि कारखान्यात तिने केलेल्या हिशेबाच्या वह्यांविषयी. त्या वह्या उघडवत नाहीत म्हणून कुलूप उघडवत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. आम्ही कोणी त्यांना उपदेश केला नाही. शेकोटीत लाकडे सारीत राहिलो. दुःखाला पुष्कळदा उत्तर नको असते. त्याला बसायला जागा हवी असते.

तळावरच्या राखणदाराने मात्र आम्हांला दुसरी बाजू दाखविली. तो म्हणाला, तुम्ही पाच दिवस मौजेने येता, आमची माणसे इथेच जन्म काढतात. ते खरे होते. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी स्त्रीला लाकडी डोलीवर घालून गावकऱ्यांनी कित्येक किलोमीटर चालत आणले, ही बातमी आपण वाचली असेल. अभयारण्यातील वस्त्यांनी राहावे की निघावे, हा प्रश्न वर्षानुवर्षे चालू होता, आणि २०२५ साली तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाई देण्यास आरंभ झाला. रान वाचावे हे खरे आणि माणसाला दवाखाना, शाळा मिळावी हेही खरे. रानात हिंडणाऱ्याने दोन्ही सत्ये बरोबर न्यावीत. जेथे उतरलो तेथील भाकरी विकत घ्यावी, प्लास्टिकचा एकही कागद मागे टाकू नये, आणि फोटो काढण्यापूर्वी माणसाला विचारावे.

पाचवा दिवस आणि काही सूचना

शेवटचा दिवस सोपा होता. खानापूरला मलप्रभा पुन्हा भेटली. कणकुंबीची ती पाण्याची बारीक धार येथे पात्र धरून वाहत होती, आणि धाकट्याने आपला प्रश्न स्वतःच मागे घेतला. दुपारी अनगोळ. एकूण अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर.

ज्यांना असा प्रवास करावासा वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य, पावसाळ्यात घाटात दरडी आणि शेवाळ, उन्हाळ्यात पाण्याचा दुष्काळ. निघण्यापूर्वी महिनाभर आठवड्यातून तीनदा वीस-वीस किलोमीटर सायकल चालवावी, येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ त्यासाठी उत्तम. रक्तदाब वा मधुमेह असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नवी महाग सायकल घेण्याची गरज नाही, जुनी सायकल दुरुस्त करून मागे मोठी चकती बसविली तरी चालते. ब्रेक मात्र नवे हवेत. मंडळी चार ते सहा असावीत, आणि त्यांत एक तरी हत्यारे जाणणारा आणि एक तरी वयाने वडील असावा. घरी रोजचा मुक्काम लिहून ठेवावा.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगे गेले तर जाऊ द्या, आणि मुलींनाही जाऊ द्या, चार मैत्रिणींबरोबर, एखाद्या शिक्षिकेच्या सोबतीने. ज्या मुलीने स्वतः पंक्चर काढले आणि घाट चढला, ती पुढे आयुष्यात सहसा घाबरत नाही. घरात मोबाईलवर वाकलेली मान सरळ करण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाही.

प्रवासाने सर्व दुःखे जातात, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आम्ही परतल्यानंतर आठ-दहा दिवसांनी मेस्त्रींच्या कारखान्याचे कुलूप निघाले आणि रंध्याचा आवाज पुन्हा गल्लीत ऐकू येऊ लागला. हिशेबाच्या वह्या आता त्यांची मुलगी लिहिते. दोघे भाऊ संध्याकाळी कामावरून येताना तेथे डोकावतात, आणि पुढच्या हिवाळ्यात आंबोलीच्या वाटेने जावे की कसे, याचा खल चालतो. एका पडवीत उभ्या असलेल्या जुन्या सायकलीने एवढे केले, तर तिच्यावरच्या कोंबड्या हाकलून चाकांत हवा भरायला काय हरकत आहे?